परिग्रह-परिमाण आणि उत्तरायुष्याची तरतूद



श्रावकाच्या पाच अणुव्रतांपैकी पाचवे परिग्रह-परिमाणाचे. हे व्रत गृहस्थाला धनार्जनाची मनाई करीत नाही. मर्यादा आखावयास सांगते. मर्यादेसाठी हिशेब हवा. समाजात दुकानाची खातेवही चोख असते, घरखर्चाची मात्र क्वचितच.

व्यापाऱ्यास निवृत्तिवेतन नसते. दुकान मुलाच्या हाती सोपविले की कित्येक वडीलधाऱ्यांना औषधासाठीही संकोचाने मागावे लागते. हे टळावे म्हणून मिळकतीतून प्रथम बचत बाजूला काढावी व उरलेल्यात खर्च भागवावा. महागाई दरसाल ६ टक्के धरली, तरी आजचा २०,००० रुपयांचा मासिक खर्च १२ वर्षांत ४०,००० होतो. तिजोरीतील रोकड तेथे अपुरी पडते. १९६८ साली सुरू झालेला, १५ वर्षे मुदतीचा सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी व २००९ पासून सर्व नागरिकांना खुली झालेली राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना यांचा विचार तरुणपणीच व्हावा.

अधिक व्याजाच्या लोभाने सर्व ठेव एकाच ठिकाणी गुंतवू नये. बँकेतील ठेवीच्या विम्याची मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० रोजी १ लाखावरून ५ लाख रुपये झाली, व्याज धरून. पतसंस्थेतील ठेवीस मात्र हे संरक्षण लाभत नाही. ठेवींची नोंद व वारसाचे नामनिर्देशन गृहिणीसही ठाऊक असावे.

आयुष्यभर दान देणारा हात उतारवयात मागणारा होऊ नये, हीच या नियोजनाची सार्थकता होय.