विमान आपले, इंजिन परक्याचे
(खडकवासला येथील पालक मेळाव्यात केलेले भाषण)



परवा सकाळी एका गॅरेजात आपल्याच शाळेचा एक मुलगा इंजिन खोलून बसलेला दिसला. वेळ शाळेची होती. तेव्हा मी काही बोललो नाही. ते आज बोलतो.

कोल्हापूर जिल्ह्यात गडहिंग्लजजवळ हसूरचंपू नावाचे खेडे आहे. १९०८ साली तेथे विष्णु माधव घाटगे जन्मले. पुढे ते जर्मनीत गॉटिंगेनला गेले आणि प्रांटल यांच्यासारख्या जगप्रसिद्ध शास्त्रज्ञाच्या हाताखाली डॉक्टरेट मिळवून परतले. बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये त्यांनी विमानांचे आराखडे करणारे खाते उभे केले. त्यांचे ‘एचटी-२’ हे शिकाऊ विमान ऑगस्ट १९५१ मध्ये उडाले. आपल्या वायुदलाच्या कितीतरी वैमानिकांनी उड्डाणाचे पहिले धडे त्यावर गिरवले. १९६४ मध्ये त्यांचे ‘किरण’ हे जेट विमान आले.

पण या दोन्ही विमानांची इंजिने मात्र विलायती होती! याची खरी किंमत ‘मरुत’ला मोजावी लागली. कुर्ट टँक या जर्मन तज्ज्ञाने बंगलोरला येऊन हे लढाऊ विमान आवाजाच्या दुप्पट वेगासाठी आखले. ज्या इंजिनावर भिस्त होती ते इंग्लंडात पुरे झालेच नाही. हाताशी होते ते कमी ताकदीचे इंजिन बसवून १७ जून १९६१ रोजी ‘मरुत’ उडाले. १९७१ च्या युद्धात त्याने चोख कामगिरी बजावली, परंतु वेग जेमतेम आवाजाच्या वेगापर्यंतच राहिला. ‘किरण’साठी आपण स्वतःचे जेट इंजिन करून पाहिले, ते उत्पादनापर्यंत पोहोचले नाही. ‘कावेरी’ इंजिनाचे काम १९८९ मध्ये सुरू झाले, तरी ‘तेजस’ २००१ मध्ये प्रथम उडाले ते अमेरिकन इंजिनावर.

हे इतके अवघड का? टर्बाइनच्या पात्यांवरून जाणारा वायू असा तापलेला असतो की त्यात पात्याचा धातूच वितळावा. म्हणून निकेलच्या खास मिश्रधातूची पाती ओततात आणि त्यांच्या पोटात बारीक वाटा ठेवून हवा खेळवतात. तेथे कसबी हात लागतोच; पण धातूशास्त्र आणि गणितही लागते. आपल्या मुलांकडे हात आहे. गणित आपण आठवीत सोडवतो.

अब्दुल कलामसाहेबांना मद्रासच्या एम.आय.टी.त प्रवेश घ्यायचा होता तेव्हा बहीण जोहरा यांनी आपल्या सोन्याच्या बांगड्या गहाण टाकल्या. पुढे कलामसाहेब बंगलोरच्या त्याच कारखान्यात उमेदवारी करताना इंजिने खोलून दुरुस्त करायला शिकले. म्हणजे काम गॅरेजातल्या आपल्या मुलाचेच, पण अगोदर शिक्षण झालेले.

त्या मुलाचे वडील आज समोर बसले आहेत. भाईसाहेब, घरची ओढाताण मला ठाऊक आहे. गॅरेज सोडवू नका. फक्त ते शाळा सुटल्यावर असू द्या, आणि रविवारी सकाळी त्याला माझ्याकडे गणिताला पाठवा. हाताला ऑइल लागलेले असले तरी चालेल.