जुन्या वास्तूची डागडुजी : थोडे सबुरीने



जिंतूर येथील आपल्या रुग्णालयाच्या जुन्या इमारतीची दुरुस्ती इतकी सावकाश का, असे अनेकांनी आपुलकीने विचारले. म्हणून हे निवेदन.

मराठवाड्यातील कित्येक जुन्या शाळा-दवाखान्यांवर सिमेंटचे पत्रे दिसतात. त्यांत अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू असतात. पत्रा अखंड आहे तोवर ते सहसा बांधलेले राहतात. तो फोडला, कापला की धुळीवाटे श्वासात जातात. त्यातून उद्भवणारा कर्करोग बहुधा २० ते ४० वर्षांनी प्रकटतो. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्यनोंदी किमान ४० वर्षे जपण्याचा आदेश दिला.

भिंती-दारांवरील जुन्या रंगातील शिशाचेही तसेच. घरगुती रंगांत शिसे दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक नसावे, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या थरांची खात्री देता येत नाही, आणि शिशाची सर्वाधिक झळ बालकांच्या मेंदूला पोहोचते.

यास्तव पत्रे ओले करून, न फोडता उतरवले जातील. रंग कोरडा घासला जाणार नाही. काम चालू असेल त्या भागात रुग्ण व बालके नसतील. यास वेळ आणि पैसा अधिक लागेल, हे आम्ही जाणतो. परंतु रुग्णांना बरे करणाऱ्या वास्तूने तिच्या छपरावर राबणाऱ्या मजुराला आजार देऊ नये, अशी आमची धारणा आहे. आपल्या देणगीतील काही रुपये या सावधगिरीवर खर्च होतील. ते सत्कारणीच लागतील.