पुस्तक इंग्रजी, गोष्ट आपली

नातवंडाच्या वाढदिवसाला हल्ली हमखास एक जाडजूड पानांचं, रंगीबेरंगी चित्रांचं पुस्तक येतं. बहुधा ते इंग्रजी असतं. नातू ते घेऊन आजीकडे धावतो आणि आजी म्हणते, "आई आली की तिच्याकडून वाचून घे हं, राजा." उच्चार चुकला तर पोर चुकीचं शिकेल, ही तिची धास्ती. आई येते रात्री आठला, दमून. तोवर नातू टीव्हीपुढे बसलेला असतो.

या आज्यांना आणि आजोबांनाही मला सांगायचं आहे, की चित्रपुस्तक वाचायचं नसतं, सांगायचं असतं. आणि सांगायला आपली भाषा पुरते.

एक प्रसिद्ध उदाहरण घेऊ. अमेरिकी चित्रकार एरिक कार्ल यांचं 'द व्हेरी हंग्री कॅटरपिलर' हे पुस्तक १९६९ साली निघालं. एक इवलीशी अळी अंड्यातून बाहेर येते. सोमवारी ती एक सफरचंद खाते, मंगळवारी दोन नासपती, असं करत शुक्रवारी पाच संत्री. शनिवारी तर केक, आइस्क्रीम, कलिंगड आणि चक्क लोणचंसुद्धा! मग पोट दुखणारच. रविवारी एक हिरवं पान खाल्ल्यावर तिला बरं वाटतं. मग कोष, आणि कोषातून फुलपाखरू.

गंमत म्हणजे अळीनं जिथं फळं खाल्ली, तिथं पानाला खरोखरच भोक आहे. कागदाच्या गठ्ठ्याला भोकं पाडताना कार्लना ही कल्पना सुचली. अशी छपाई अमेरिकेत फार महाग पडत होती, म्हणून पुस्तक आधी जपानमध्ये छापून घेतलं गेलं. ही भोकं कशासाठी? मुलाच्या बोटासाठी! तेव्हा पान त्यालाच उलटू द्या, भोकात बोट घालू द्या. घाई नको. तो एकाच पानावर पाच मिनिटं रमला, तर रमू द्या.

आणि तुम्ही आपल्या शब्दांत सांगा. "सोमवारी अळीबाईंनी सफरचंद फस्त केलं. तरी भूक काही भागेना!" दोनचार दिवसांत वार आणि आकडे मुलाच्या तोंडी आपसूक बसतात. तो रोज तीच गोष्ट मागेल. कंटाळू नका. पुढं काय होणार हे ठाऊक असण्यातच त्याला मजा वाटते.

एक पथ्य मात्र पाळा. परीक्षा घेऊ नका. "हा रंग कोणता? संत्री किती? काकांना सांग बघू," असं सुरू झालं की गोष्टीची शाळा होते आणि मूल मांडीवरून उठून जातं. प्रश्न त्याला विचारू द्या.

तो विचारेलच, "खरी अळी केक खाते?" इथं तर आजीची बाजू भक्कम आहे. खरी अळी ठराविक झाडांचीच पानं खाते, हे आजीनं अंगणात पाहिलेलं असतं. कुंडीतला कढीपत्ता किंवा लिंबाचं रोप नातवाला दाखवा. पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काही दिसलं तर नीट बघा. ती फुलपाखराची लहानगी अळी असू शकते. मोठी झाली की ती हिरवी होते. महाराष्ट्रानं २०१५ साली राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेल्या ब्लू मॉर्मनची अळीही लिंबाच्या कुळातल्या झाडांवरच वाढते. अळी दिसली तर लगेच औषध फवारू नका. चार पानं जातील, जाऊ द्या. मात्र केसाळ सुरवंटाला हात लावायचा नाही, अंगाला खाज सुटते, हेही सांगून ठेवा.

कार्ल यांच्या पुस्तकात रेशमी वेष्टनाचा कोष आहे. फुलपाखराचा कोष सहसा तसा नसतो, असा आक्षेप जाणकारांनी घेतला होता. मराठीत दोन्हींना कोषच म्हणतात, त्यामुळे आजीची पंचाईत होत नाही!

इंग्रजी तो शाळेत शिकणारच आहे. पण अळी, कोष, फस्त, कुरतडणं हे शब्द त्याला कोण देणार? तेव्हा पुस्तक बाजूला ठेवू नका. नातवाला जवळ घ्या, पहिलं पान उघडा आणि सुरुवात करा, "एक होती अळी..."