आजीला बालवाडीत घ्या

(वस्तीतल्या विहारात, तरुण कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललं तसंच छापलं आहे.)



मी वक्ता नव्हे. बालवाडीतली बाई आहे. अकरा वर्षं तीन ते सहा वयाच्या पोरांचे शेंबूड पुसतेय, म्हणून मला उभं केलंय. विषय तुम्हाला ठाऊक आहे. विहाराखालचा हॉल. कुणी म्हणतं, इंग्रजी नर्सरीवाल्याला भाड्यानं द्या, चार पैसे येतील, पोरं 'ए फॉर ॲपल' म्हणतील. कुणी म्हणतं, आपली बालवाडी काढा. आज रात्री ठरवायचंय. ठरवण्याआधी माझं ऐका.

पहिल्यांदा माझा गुन्हा कबूल करते.

माझ्याकडे चार वर्षांची एक पोरगी आली. मराठवाड्यातून आलेलं घर. बाप नाक्यावर उभा राहणारा, आई धुणीभांडी करणारी. पहिल्याच आठवड्यात मी विचारलं, डब्यात काय आणलंस गं? ती ठसक्यात म्हणाली, 'कोरड्यास आन भाकर.' मी म्हणाले, 'कोरड्यास नाही बाळ, भाजी. आन नाही, आणि.' सगळी पोरं हसली. मीही हसले. पोरगी गप्प झाली. दिवाळी आली तरी गप्प. मी वहीत तिच्या नावापुढं लिहिलं : मंद.

एक दिवस तिची आजी सोडायला आली. मी तक्रार केली, ही बोलतच नाही. म्हातारी म्हणाली, 'घरी तर कानाला आराम न्हाय हिच्यापायी.' मग इथं का बोलत नाही? म्हातारी म्हणाली, 'तुमची बोली शिकतीया बाई. आली की बोलंल.'

त्या रात्री मला झोप आली नाही. कारण मी स्वतः पहिलीत 'पानी' म्हणाले होते आणि वर्ग हसला होता. तेव्हा शिकवणारी बाई वरच्या आळीतली होती. इथं शिकवणारी मी होते. तुमच्यातली. जय भीम म्हणणारी. शिकताना ती छडी कधी माझ्या तोंडात येऊन बसली, मला कळलंच नाही.

आता तुम्हाला लांब नेते. न्यूझीलंडला. हसू नका, दमानं घ्या. नोव्हेंबर २०२४ मधला तो व्हिडिओ तुम्ही सगळ्यांनी मोबाईलवर पाहिलाय. संसदेत बावीस वर्षांची एक खासदार पोरगी उभी राहते, विधेयकाचा कागद फाडते आणि हाका सुरू करते. तिचं नाव हाना-राव्हिती माइपी-क्लार्क. तिला निलंबित केलं, पण ते विधेयक २०२५ मध्ये संसदेनंच मोठ्या मतांनी फेकून दिलं. तुम्ही व्हिडिओ फॉरवर्ड केला. पण त्या पोरीच्या तोंडात ती भाषा आली कुठून, हे कुणी विचारलं? तिच्या पिढीच्या तोंडात ती आपोआप आली नाही. कुणीतरी मरता मरता ती राखली.

माओरी तिथले मूळचे लोक. गोऱ्यांनी जमीन घेतली, मग शाळा दिल्या. १८६७ च्या नेटिव्ह स्कूल कायद्यानं त्या शाळांत इंग्रजी आली. पुढं माओरी बोललं की मार बसू लागला. जेम्स हेनारे नावाच्या वृद्ध माओरी नेत्यानं १९८५ साली वायटांगी न्यायाधिकरणापुढं सांगितलं, की शाळेत माओरी बोलल्याबद्दल त्याला रानात जाऊन वेल तोडून आणायला लावलं आणि त्याच वेलानं फोडलं. मारायचा वेलसुद्धा पोरानंच आणायचा!

हिशेब ऐका. १९१३ साली शाळेतल्या माओरी पोरांपैकी शंभरात नव्वद माओरी बोलत. १९५३ साली सव्वीस. १९७५ साली पाचाच्याही आत. साठ वर्षांत एक भाषा पोरांच्या तोंडून काढून घेतली. आणि वेलाच्या मारापेक्षा मोठं काम भीतीनं केलं. मार खाल्लेल्या पोरांनी मोठेपणी ठरवलं, आपल्या लेकरांशी माओरी बोलायचंच नाही. त्यांना तरी मार बसू नये. यात प्रेम होतं, मित्रांनो. आईबापाचं निखळ प्रेम. त्या प्रेमातूनच भाषा मरत चालली.

आता वर्ष बघा. १९७२. मुंबईत दलित पँथर उभी राहते. अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं नाव इथल्या पोरांनी उचललं, तसंच ऑकलंडमध्ये पॅसिफिक बेटांवरच्या आणि माओरी पोरांनी एक वर्ष आधी, १९७१ ला, पॉलिनेशियन पँथर काढली. तीही भाडेकरूंसाठी, पोलिसांच्या जुलमाविरुद्ध लढली. आणि शाळेतल्या पोरांना गृहपाठाला जागा मिळावी म्हणून तिनं अभ्यासकेंद्रंही चालवली. पँथर आणि गृहपाठ! हे लक्षात ठेवा. त्याच १९७२ च्या १४ सप्टेंबरला न्गा तामातोआ या तरुण माओरींच्या संघटनेनं, हाना ते हेमारा या तरुणीच्या पुढाकारानं, तीस हजारांवर सह्यांचा अर्ज संसदेत दिला : आमची भाषा शाळेत शिकवा.

अर्जानं थोडं मिळालं. पण पोरं बोलायला लागली ती वेगळ्याच रस्त्यानं. सत्तरीतल्या म्हाताऱ्यांना भाषा येत होती, चार वर्षांच्या नातवंडांना नव्हती, मधली पिढी मुकी. तेव्हा त्यांनी मधलं अंतरच काढून टाकलं. म्हातारी आणि नातू एका खोलीत बसवले. १९८२ साली वेलिंग्टनजवळ वाइनुइओमाटा इथं पहिलं 'कोहांगा रेओ' उघडलं. कोहांगा म्हणजे घरटं, रेओ म्हणजे भाषा. भाषेचं घरटं. जन्मापासून सहा वर्षांपर्यंतची पोरं. दिवसभर फक्त माओरी. खाणं, भांडणं, शी-शू, गाणी, सगळं माओरीत. कारभार सरकारी साहेबाचा नव्हे, पोरांच्या घरच्यांचा. जागा? सभागृह, चर्चचा हॉल, कुणाची गॅरेज. बाई? डिप्लोमावाली नव्हे. आजी.

तीन वर्षांत तीनशेच्या वर घरटी झाली. दहा-बारा वर्षांत आठशेच्या आसपास. पोरं सहाची झाली तेव्हा प्रश्न आला, आता पुढं काय? तेव्हा त्यांनी १९८५ साली ऑकलंडमध्ये पहिली माओरी माध्यमाची शाळा काढली. १९८७ साली माओरी देशाची अधिकृत भाषा झाली. घरटं आधी, कायदा नंतर. आपण नेहमी उलटं बघतो, कायदा येईल मग बघू म्हणतो.

आता तुमच्या मनातला सवाल मीच विचारते. बाई, इंग्रजीला विरोध करताय का? आमच्या पोरांनी बोलीतच कुजायचं का? ज्यांची पोरं इंग्रजी शाळेत जातात तेच आम्हाला मातृभाषेचं प्रवचन देतात!

बरोबर आहे. शंभर टक्के बरोबर. बाबासाहेबांनी कोलंबियात आणि लंडनमध्ये शिकून जगाला उत्तर दिलं ते इंग्रजीत. माझ्या पोरीला मी इंग्रजी शिकवणार आणि तुमच्याही पोरांना मिळालीच पाहिजे. माओरींनाही इंग्रजी येते, झाडून सगळ्यांना येते. प्रश्न इंग्रजी हवी की नको हा नाहीच. प्रश्न असा, की तीन वर्षांच्या पोराला पहिल्या दिवशी काय शिकवायचं? इंग्रजी शब्द, की गप्प बसणं? गप्प बसायला शिकलेलं पोर पुढं इंग्रजीतही गप्पच बसतं. हे मी अकरा वर्षं बघतेय.

आणि मराठी माध्यम म्हणजे आपली भाषा, या भ्रमातही राहू नका. 'आणि' ही सुद्धा माझ्या त्या पोरीला परकी होती. शुद्ध-अशुद्ध कुणी ठरवलं? कोरड्यास अशुद्ध कसं? शिजतं, पोट भरतं, की अशुद्ध झालं? १८८२ साली जोतीरावांनी हंटर कमिशनपुढं मागणी केली होती, की प्राथमिक शाळेचे मास्तर शेतकरी-कष्टकरी जातींतून घ्या. बरोबर शंभर वर्षांनी माओरींनी आजी घेतली. मुद्दा तोच. पोराच्या घरचं माणूस शाळेत उभं पाहिजे.

एका गोष्टीत मात्र माओरींची नक्कल करू नका. त्यांची पोरं आपला डोंगर, आपली नदी, आपलं कूळ मोठ्यानं सांगतात. आपल्याला गाव विचारला की जात विचारलेली असते. आपली संस्कृती गावकुसाच्या आतली नाही. गावकीचं जोखड, देवऋषीपण, बायकांना खाली बसवणं, हे आजीकडं असलं तरी घ्यायचं नाही. पण त्याच आजीनं जात्यावर बाबासाहेबांच्या ओव्या गायल्यात. तिला पाणवठ्याची गोष्ट येते, मोर्च्याची येते, बोरीबाभळीची नावं येतात. ते घ्यायचं. काय घ्यायचं नि काय टाकायचं, हे ठरवणार कोण? आपण. म्हणून हॉल आपल्या ताब्यात पाहिजे.

ताब्याची गोष्ट साधी नाही. १९९० नंतर कोहांगा शिक्षणखात्याकडं गेली. अनुदान आलं, त्याच्याबरोबर फॉर्म आले, तपासण्या आल्या. डिप्लोमा नसलेल्या आजीची किंमत कमी धरली गेली. घरटी कमी होत गेली. भांडण न्यायाधिकरणापर्यंत गेलं आणि २०१२ साली न्यायाधिकरणानं सरकारचीच चूक दाखवली. तेव्हा मदत घ्या, पण किल्ली देऊ नका.

आपल्याकडं हे नवं नाही. १९४५ साली बोर्डीत ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी काम सुरू केलं. वस्तीतली पोरं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच वस्तीच्या अंगणात नेली. अंगणवाडी या शब्दात ते अंगण अजून आहे. पण शाळा अंगणात आली तरी बोली उंबऱ्याबाहेरच राहू शकते. माझ्या वर्गात तेच झालं.

म्हणून माझं मागणं. हॉल भाड्यानं देऊ नका. सकाळचे तीन तास बालवाडी. रोज दोन आज्या, आळीपाळीनं, आणि त्यांना रोज द्यायचा. फुकटात नाही. आपल्या आयांचं काम फुकट घ्यायची सवय आपल्यालाही लागलीय. पैसे वर्गणीतून उभे करू. जयंतीच्या डीजेतून एक रात्र कमी करा, निम्मं वर्ष निघेल. पाचव्या वर्षापासून इंग्रजी, खेळातून, रोज. ती तुम्ही कॉलेजवाल्यांनी येऊन शिकवायची. पँथर आणि गृहपाठ, विसरू नका.

ती पोरगी आज तिसरीत आहे. वहीतला 'मंद' मी खोडला. तिच्या आजीला मी वर्गात बसवलं, तिनं चुलीची गोष्ट सांगितली. म्हातारी 'इस्तू' म्हणाली. एक पोरगं हसलं, आणि माझी मुकी पोरगी ताडकन उठून त्याला म्हणाली, 'हसतू कशाला? इस्तूच म्हंत्यात त्येला!'

वर्षातलं तिचं पहिलं वाक्य ते. भांडणाचं.

आता हात वर करा. हॉल कुणाचा?

जय भीम.