शक्तिमान कोणी पाहिला?

(जऊळका येथील महिला मेळाव्यात केलेलं भाषण)



आजच्या मेळाव्याचा विषय ‘बाईचा मोकळा वेळ’ असा आहे आणि मला बोलायचं आहे ‘शक्तिमान’ या मालिकेबद्दल. तुम्ही हसलात. मागे उभे असलेले भाऊसुद्धा हसले. म्हणजे नाव सगळ्यांना ठाऊक आहे.

लहान मुलींसाठी थोडक्यात सांगते. ही मालिका दूरदर्शनवर १३ सप्टेंबर १९९७ ला सुरू झाली आणि मार्च २००५ पर्यंत चालली. ती मुकेश खन्ना यांनी काढली आणि मुख्य कामही त्यांनीच केलं. गंगाधर नावाचा वेंधळा, चष्मेवाला फोटोग्राफर गिरकी घेतो आणि शक्तिमान होतो, अशी गोष्ट. पुढे ती रविवारी दुपारी बाराला लागायची. मालिका सुरू झाली तेव्हा आपलं जऊळका अकोला जिल्ह्यात होतं. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला.

ती बघणारी मुलं आज पस्तीस-चाळिशीत आहेत. ‘शक्तिमान’ म्हटलं की त्यांचा चेहरा खुलतो. ‘आमचं बालपण सोन्याचं होतं, आताच्या पोरांना काय कळणार,’ असं ती म्हणतात. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात दूरदर्शननं मालिका पुन्हा दाखवली, तेव्हा बाप झालेले हे मुलगे आपल्या लेकरांना घेऊन टी.व्ही.पुढे बसले. या प्रेमाची मला थट्टा करायची नाही. गरिबीतल्या बालपणी जो आनंद मिळाला, तो माणूस जपून ठेवणारच.

या मालिकेवरून तेव्हाही दोन तट होते. एक तट म्हणे, मुलांना वळण लागतं. भागाच्या शेवटी शक्तिमान चांगल्या सवयींच्या चार गोष्टी सांगायचा. दुसरा तट म्हणे, मुलं बिघडतात. शक्तिमान वाचवायला येईल म्हणून मुलांनी उड्या मारल्या, पेटवून घेतलं, अशा बातम्या वर्तमानपत्रांत आल्या होत्या. खन्ना यांनी तो दोष मान्य केला नाही, पण असले प्रकार करू नका, असं त्यांना पडद्यावरून मुलांना सांगावं लागलं. हा वाद अजून मिटलेला नाही.

दोन्ही तट ‘मुलं’ म्हणतात. माझा प्रश्न एवढाच आहे : कोणती मुलं?

२००१ च्या जनगणनेत देशातल्या ग्रामीण घरांपैकी शंभरातल्या जेमतेम १९ घरांत टी.व्ही. होता. म्हणजे बाकीच्यांनी दुसऱ्याच्या घरी जाऊन पाहायचं. दुसऱ्याच्या ओसरीवर, खिडकीत, दारात जाऊन कोण उभं राहू शकत होतं? मुलगा. वयात येऊ लागलेल्या मुलीला ‘लोकाच्या घरी काय बसतेस’ म्हणून हटकलं जाई. आणि रविवार म्हणजे शाळेला सुट्टी, म्हणून मुलीच्या वाट्याला धुणं, पाणी, भांडी, लहान भावंडं.

बचत गटाच्या बैठकीत मी हा विषय काढला तेव्हा एक बाई म्हणाली, “मले फक्त गाणं आठवते, ताई. मी तं भांडे घासत होती.” गाणं आठवतं, चित्र आठवत नाही. एकच गाव, एकच रविवार, आणि दोन वेगळ्या आठवणी. त्यातली एक ‘आपल्या पिढीचं बालपण’ म्हणून मिरवते. दुसरी मोरीतच राहिली.

ज्यांना पाहायला मिळालं, त्या मुलींनी काय पाहिलं? त्यांनी गीता विश्वास पाहिली. ती वर्तमानपत्राची बातमीदार. आधी किटू गिडवाणी आणि नंतर वैष्णवी महंत यांनी ती साकारली. घराबाहेर पडणारी, मोठ्या माणसांना प्रश्न विचारणारी बाई. अशी बाई खेड्यातल्या मुलीला तेव्हा कुठे दिसत होती? कितीतरी वेळा तिला संकटातून सोडवायला शक्तिमानच यायचा, हे खरं. तरीही बातमी लिहायला ती स्वतःच्या पायांनी जात होती. पण आज गप्पा रंगतात त्या शक्तिमानच्या गिरकीच्या. गीतेचं नाव क्वचितच निघतं.

आता त्याच वर्षाची आणखी एक गोष्ट ऐका. मालिका सुरू होण्याच्या बरोबर एक महिना आधी, १३ ऑगस्ट १९९७ ला, सर्वोच्च न्यायालयानं विशाखा निकाल दिला. त्यामागे राजस्थानच्या भटेरी गावची भंवरीदेवी होती. ती सरकारच्या योजनेत ‘साथिन’ म्हणून काम करायची. तिनं बालविवाह थांबवायचा प्रयत्न केला, म्हणून १९९२ मध्ये तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. कामाच्या जागी बाईला त्रास होऊ नये ही मालकाची जबाबदारी आहे, असं या निकालानं सांगितलं. पुढे २०१३ मध्ये कायदा झाला. ऑक्टोबर २०२० मध्ये मात्र मुकेश खन्ना यांचं एक बोलणं गाजलं. बाईचं काम घर सांभाळण्याचं, बायका बाहेर कामाला पडल्या तिथून ‘मी-टू’चा प्रश्न सुरू झाला, असा त्याचा अर्थ होता. आपण बायकांच्या नोकरीच्या विरोधात नाही, असा खुलासा त्यांनी नंतर केला. पण कितीतरी चाहत्यांना ते पहिलंच बोलणं पटलं. लहानपणी ज्याच्यावर विश्वास ठेवला, त्याचा शब्द मोठेपणीही खरा वाटतो.

बायांनो, आपण निंदायला, वेचायला, रोजगार हमीवर जातो. आशाताई रात्री-अपरात्री बाळंतिणीकडे जाते. आपण बाहेर पडलो नाही तर चूल पेटेल का? त्रास आपण बाहेर पडल्यामुळे होत नाही, त्रास देणाऱ्यामुळे होतो. २०१३ च्या कायद्यानं प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक तक्रार समिती असलीच पाहिजे. दहापेक्षा कमी माणसं कामाला असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर ती या समितीकडे जाते. शेतमजूर, घरकामगार बायांसाठीही ती आहे. तालुक्याला तक्रार घेणारा अधिकारी नेमायचा असतो, आणि आलेली तक्रार त्यानं सात दिवसांत समितीकडे पोचवायची असते. मालेगाव तालुक्यात हा अधिकारी कोण, हे आपण तहसिलीत जाऊन विचारू. हे काम आजच ठरवू या.

आणि भावांनो, तुमचा शक्तिमान तुम्ही खुशाल आठवा. फक्त तेव्हा तुमची बहीण कुठे होती, तेही आठवा. आणि आज कोण कुठे असतं, ते बघा. २०२४ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईचे दिवसाला २८९ मिनिटं घरकामात जातात आणि घरकाम करणाऱ्या पुरुषाची ८८. टी.व्ही.ची जागा मोबाईलनं घेतली, पण भांडी अजून तिच्याच हातात आहेत.

म्हणून एक मागणी मांडते. रविवारी दुपारी बारा ते एक घरातल्या मुलीला कोणी काम सांगायचं नाही. ती टी.व्ही. बघेल, वाचेल, मैत्रिणीकडे जाईल, नाहीतर नुसती बसून राहील. तो तास तिचा. त्या वेळची भांडी भावानं घासावीत. वीस वर्षांनी तिलाही बालपण आठवेल तेव्हा नुसतं गाणं नको, चित्रही आठवू द्या.