अणूचा ठाव घेणारी सुई



आगरच्या रहिवाशाने डहाणू रोडला लोकल पकडली, तर पश्चिम रेल्वेच्या उपनगरी मार्गाचे दुसरे टोक म्हणजे चर्चगेट. तेथून पुढे कुलाब्यास, समुद्रकाठी, टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी आहे. डॉ. होमी भाभा यांनी 1945 मध्ये स्थापिलेल्या या संस्थेतील संशोधकांनी क्रमवीक्षण टनेलिंग सूक्ष्मदर्शक स्वतः उभारला आणि 2013 मध्ये त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला.

हे उपकरण पाहत नाही, चाचपते. खाडीत वेळू बुडवून ठाव घ्यावा, तशी अतितीक्ष्ण सुई धातूच्या पृष्ठभागाजवळ नेली जाते. दोहोंचा स्पर्श होत नाही. तरीही मधल्या पोकळीतून इलेक्ट्रॉन पार होतात व सूक्ष्म विद्युत्‌प्रवाह वाहतो. अंतर मिलिमीटरच्या एक कोट्यंशाने वाढले, तरी हा प्रवाह सुमारे दहा पटींनी घटतो. गेर्ड बिनिग व हाइनरिख रोरर यांनी 1981 मध्ये झुरिचजवळ हे तंत्र सिद्ध केले. 1986 मध्ये ते नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले.

इलेक्ट्रॉनाला विद्युत्‌भाराखेरीज परिवलन, म्हणजेच स्पिन, हाही गुण असतो. त्यामुळे तो चिमुकल्या चुंबकासारखा वागतो. सुईचे टोक चुंबकीय असेल, तर परिवलनाच्या दिशा जुळण्या-न जुळण्यावर प्रवाह कमीअधिक होतो. 1990 मध्ये रोलंड वीसेनडांगर व सहकाऱ्यांनी क्रोमियमच्या पृष्ठभागावरील अणूंच्या पायऱ्या मोजल्या. वस्तुतः प्रत्येक पायरी 0.144 नॅनोमीटर उंच. सुईने मात्र आळीपाळीने 0.16 व 0.12 अशी मापे दाखविली. ती सुईची चूक नव्हती. लगतच्या पायऱ्यांचे चुंबकत्व परस्परविरुद्ध असल्याची ती खूण होती.

मुंबईचे उपकरण 0.35 केल्विन इतक्या कडाक्याच्या थंडीत आणि 9 टेस्लापर्यंतच्या चुंबकीय क्षेत्रात काम करू शकते. विरुद्ध परिवलनाचे इलेक्ट्रॉन जोडीने वावरतात, अशा नायोबियम नायट्राइडसारख्या अतिसंवाहकांचा त्यावर अभ्यास झाला. त्या उभारणीत सहभागी असलेले आनंद कमलापुरे पुढे हॅम्बुर्ग येथे गेले. तेथे 2018 मध्ये त्यांनी व सहकाऱ्यांनी टँटलमच्या पृष्ठभागावर लोहाच्या अणूंच्या साखळ्या रचून त्यांच्या परिवलनांतील परस्परसंबंध अभ्यासले.

एका अणूच्या चुंबकत्वावर माहिती साठविता येईल काय, या प्रश्नाचा शोध अशाच मोजमापांवर अवलंबून आहे. ती साधने आपल्या राज्यातही घडू शकतात, हे कुलाब्याने दाखविले. आगरच्या शाळेतील मुलामुलींनी हे ध्यानी ठेवावे; पुढील सुई कदाचित त्यांच्याच हातून घडेल.