वज्र कोणी घडविले?



आम्ही कामगार चळवळीतले कार्यकर्ते. या व्यासपीठावरून आम्ही महागाईभत्त्यावर किंवा कंत्राटी पद्धतीवर बोलू, अशी आपली अपेक्षा असणार. परंतु आज आम्ही मुलांच्या एका अद्भुतरम्य कादंबरीविषयी बोलणार आहोत. ती आम्हांला आमच्याच विषयावरची वाटली. ती तशी का वाटली, एवढेच आपल्यापुढे ठेवावयाचे आहे.

रिक रायर्डन हे अमेरिकेतले एक शिक्षक. त्यांच्या मुलाला वाचन अवघड जाई, पण ग्रीक पुराणकथांची त्याला मोठी गोडी. रात्री सांगता सांगता कथा संपल्या, तेव्हा वडिलांनी नवीच रचली. २००५ साली ती ‘द लाइटनिंग थीफ’ या नावाने पुस्तकरूपाने आली. ग्रीक देव आजही नांदत आहेत, त्यांना माणसांपासून मुले होतात, आणि ती मुले न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरच्या एका छावणीत आसरा घेतात, अशी मूळ कल्पना. समुद्रदेव पोसायडन याचा मुलगा पर्सी जॅक्सन हा नायक. त्यालाही अक्षरे दगा देतात. कारण, लेखक सांगतो, त्याचा मेंदू प्राचीन ग्रीक भाषेसाठी घडलेला आहे! ज्यांची शाळा लवकर सुटली आणि ज्यांनी कारखान्यातली पाळी संपल्यावर वाचन वाढविले, त्या आमच्यासारख्यांना ही युक्ती फार आवडली.

पहिल्या भागात देवराज झ्यूस याचे वज्र चोरीला जाते. त्याच्या शोधासाठी सगळे धावतात. पण ते घडविणाऱ्यांची कोणाला फारशी आठवण होत नाही. ते घडविणारे आपल्याला हेसिअडच्या ‘थिओगनी’ या काव्यात भेटतात. ब्राँटीस, स्टेरोपीस आणि आर्जीस हे तिघे सायक्लॉप्स, म्हणजे कपाळावर एकच डोळा असलेले प्रचंड देहाचे कारागीर. बापाने त्यांना बंधनात टाकले. झ्यूसने त्यांना सोडविले, तेव्हा त्यांनी त्याला मेघगर्जना, वीज आणि वज्र दिले. देवांचे राज्य त्या हत्याराच्या जोरावर उभे राहिले. होमरच्या ‘ओडिसी’त मात्र सायक्लॉप्स म्हटला की माणसे खाणारा मेंढपाळ पॉलिफीमस, आणि लोकांच्या ध्यानात राहिला तो हाच. कारागीर विसरले गेले, राक्षस तेवढा उरला.

२००६ साली आलेल्या ‘द सी ऑफ मॉन्स्टर्स’ या दुसऱ्या भागात ही विसरलेली बाजू पुढे येते. छावणीचे रक्षण एक पाइनचे झाड करीत असते. ते झाड म्हणजे थालिया, झ्यूसची मुलगी. सोबत्यांना वाचविताना ती मरणाच्या दारी पोचली, तेव्हा बापाने तिचे झाड केले. त्या झाडावर विषप्रयोग झाला आहे. उपाय एकच, जेसनच्या कथेतली सोनेरी लोकर. आणि ती पॉलिफीमसच्या बेटावर आहे. तिच्या शोधात पर्सी आणि ॲनाबेथ यांच्याबरोबर टायसन निघतो.

टायसन हा न्यूयॉर्कच्या एका बोळात खोक्यात राहणारा, फाटक्या कपड्यांतला धिप्पाड पोर. शाळेत तो पर्सीचा मित्र असतो. छावणीशी आल्यावर नजरेवरचे मायावी धुके हटते आणि पर्सीला दिसते की, हा सायक्लॉप्स आहे. पुढे पोसायडनचे त्रिशूळ त्याच्या माथ्यावर झळकते, म्हणजे तो पर्सीचा सावत्र भाऊही ठरतो. सारी छावणी हसते. पर्सी लाजेने चूर होतो. मित्र म्हणून जो चालला, तो भाऊ म्हणून चालेना!

बंधूंनो, हे आम्ही पाहिलेले आहे. कायम कामगार आणि कंत्राटी कामगार एकाच भट्टीपाशी घाम गाळतात; जेवणाच्या सुट्टीत मात्र डबे निराळ्या बाकांवर उघडतात. सभेत त्याला मित्र म्हणायला कोणाची हरकत नसते. युनियनची पावती त्याच्या नावाने फाडा म्हटले की मग माना खाली जातात.

आता टायसन काय काय करतो ते पाहा. आग ओकणाऱ्या काशाच्या बैलांपुढे तो उभा राहतो. रथ दुरुस्त करतो. पर्सीला घड्याळ करून देतो. कळ दाबताच त्याची ढाल होते. जहाजाचा बाष्पक फुटायला आला असता खाली इंजिनखोलीत उतरतो तोही टायसनच. स्फोटानंतर तो गेला असे सगळे समजतात, आणि आपण कोणाची लाज धरली होती हे पर्सीला तेव्हा कळते. टायसन जिवंत परततो. शेवटी रथांची शर्यत जिंकल्यावर पर्सी सगळ्या छावणीसमोर ओरडून सांगतो की, हा माझा भाऊ आहे. आमच्या मते कादंबरीतला खरा विजय हाच. सोनेरी लोकर त्यानंतरची.

दुसरी गोष्ट ल्यूकची. झाडावर विष घालणारा हाच. हर्मीस देवाचा हा मुलगा म्हणतो की, देव मुलांना जन्म देतात आणि मग त्यांची विचारपूसही करीत नाहीत. गाऱ्हाणे खरे आहे. आईबापांनी न ओळखलेली मुले छावणीच्या अकराव्या खोपटात दाटीवाटीने राहतातच. परंतु ते गाऱ्हाणे घेऊन ल्यूक जातो कोणाकडे? स्वतःची पोरे गिळणाऱ्या क्रोनॉसकडे! जिथे खऱ्या तक्रारीला वेळेवर दाद मिळत नाही, तिथे असलाच कोणी तरी भरतीची कचेरी उघडून बसतो. ल्यूकला खलपुरुष म्हणून सोडून देणे सोपे आहे. त्याच्या मागोमाग इतर मुले का गेली, हे विचारणे अधिक गरजेचे.

पुस्तकात उणिवा आहेत. विनोदाची घाई फार आहे. टायसनला भोळ्या बाळासारखे बोलायला लावले आहे. कुशल कारागीर भोळाच असावा, ही भद्रलोकांची जुनी समजूत. शिवाय तो समुद्राखालच्या भट्ट्यांत कामाला जातो, तेथे त्याला मजुरी काय, हे लेखक सांगत नाही!

तरीही ही कादंबरी मुलांच्या हाती जरूर द्यावी. इंद्राचे वज्र दधीचीच्या अस्थींचे, हे आपल्या मुलांना ठाऊक असते. ते घडविले कोणी, असे त्यांना विचारून पाहा. त्वष्ट्याचे नाव किती जणांना आठवते, ते घरोघरी कळेल.